पोलिश 'शाब्ला' : मुठीतली अंगठ्याची कडी नक्की कशासाठी?

व्रोत्स्वाफकर

मंडळी, मी मूळचा सांगलीचा. गेली दोन वर्षं नोकरीनिमित्त पोलंडात, व्रोत्स्वाफला आहे. इथे डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. घरात बसून जीव विटायला लागला, तेव्हा ऑफिसातला एक मित्र मला तलवारीच्या वर्गाला घेऊन गेला. ऑलिंपिकमधलं बारीक, लवचिक पात्याचं फेन्सिंग नव्हे. इथे शिकवतात ती जुनी वक्र तलवार, 'शाब्ला'. सरावाची असते बोथट, पण पोलादी आणि जवळजवळ खऱ्या वजनाची, म्हणजे किलोच्या आत-बाहेर.

पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ओळखीचं काहीतरी वाटलं. पात्याचा बाक आपल्याकडच्या तलवारीसारखा. मूठ मात्र अगदी वेगळी. आडव्या परजेतून एक पट्टी काटकोनात वळून बोटांच्या पुढून खाली येते, आणि आतल्या बाजूला, अंगठा टेकतो तिथे, एक लोखंडी कडी असते. तिला इथे 'पालुख' म्हणतात. अंगठा त्या कडीत घालायचा आणि मग वार करायचा.

दोन प्रश्न आहेत. एक, ही कडी नक्की कशासाठी? आमचे शिक्षक म्हणतात 'वेगासाठी', वर्गातला एक जण म्हणतो 'अंगठा तुटू नये म्हणून'. दोन, इथे 'क्षिझोवा श्तुका' म्हणजे फुलीच्या वारांची कला शिकवतात. उजवीकडून खाली, डावीकडून खाली, पाठोपाठ, हवेत फुली काढल्यासारखं. ही खरंच सतराव्या शतकातली आहे की आत्ता कुणी बसवलेली?

इथे शस्त्रांचा अभ्यास असलेली बरीच माणसं आहेत म्हणून विचारतोय.

बखरवेडा

फोटो टाका हो मुठीचा. वाचतोय.

निशिगंधा_क

आवडता विषय! इतिहास शिकवते, त्यामुळे थोडं मागून सुरू करते.

वक्र तलवार पोलंडात आली ती हंगेरीच्या वाटेने. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्बियन आणि हंगेरियन घोडेस्वार पोलंडच्या चाकरीत होते, त्यांच्या कमरेला ती होती. पण तिला खरी प्रतिष्ठा मिळाली स्तेफान बातोरीमुळे. हा ट्रान्सिल्व्हेनियाचा राजपुत्र. पोलंडात राजा निवडून दिला जायचा, आणि तिथल्या सरदारांनी याला निवडलं. 1576 मध्ये त्याचा राज्याभिषेक झाला, 1586 मध्ये तो वारला. दहाच वर्षं, पण त्या दहा वर्षांत हंगेरियन पोशाख आणि हंगेरियन तलवार ही दरबारातली रीत झाली. शब्दसुद्धा तिकडूनच आला, हंगेरियन 'साब्ल्या'वरून पोलिश 'शाब्ला'.

पुढे पात्यांवर बातोरीचा चेहरा आणि नाव कोरायची पद्धत पडली. अशा तलवारीला 'बातोरुव्का' म्हणतात. गंमत म्हणजे यांतल्या पुष्कळशा तलवारी बातोरीच्या काळातल्या नाहीतच. त्याच्यामागे शंभर-दीडशे वर्षांनीही लोक त्याचा चेहरा पात्यावर कोरून घेत होते. झिग्मुंत राजाच्या नावाची ती 'झिग्मुन्तुव्का', आउगुस्तच्या नावाची 'आउगुस्तुव्का'.

तुम्ही वर्णन केलीत ती कडीची मूठ सतराव्या शतकातली. अभ्यासक तिला 'हुसार शाब्ला' म्हणतात. हे नाव संग्राहकांनी आणि अभ्यासकांनी नंतर रुळवलेलं आहे. ती फक्त पंखवाल्या हुसारांकडेच, म्हणजे पोलंडच्या भालेवाल्या घोडेस्वारांकडेच, होती असं समजू नका.

सातारकर

निशिगंधाताई, म्हणजे पोलंडची राष्ट्रीय तलवार हंगेरीची, हंगेरीने ती तुर्कांकडून घेतली, आणि तुर्कांकडे ती मध्य आशियातून आली. मग त्यात पोलिश काय राहिलं? राग मानू नका, पण उसन्या गोष्टीचा एवढा अभिमान मला कळत नाही.

निशिगंधा_क

राग कशाला? प्रश्न बरोबर जागी आहे.

पोलंडची सरदार जमात, 'श्लाख्ता', ही युरोपात फार मोठी होती. लोकसंख्येत शेकडा आठ ते दहा. फ्रान्स-इंग्लंडशी तुलना केलीत तर हे प्रमाण प्रचंड आहे. त्यांत लाखो एकरांचे मालक होते आणि स्वतः नांगर धरणारेही होते. कायद्याने मात्र सगळे समान, सगळ्यांना राजा निवडायचा हक्क. आता लाखो एकरवाला आणि दोन एकरवाला एका मैदानात उभे राहिले, तर दोघं एकाच जातीचे हे दिसणार कसं? कमरेच्या शाब्लावरून. फार गरीब सरदार लाकडी तलवार म्यानात घालून हिंडत असत, असं सांगतात. तलवार गेली तर काय गेलं असतं, ते यावरून कळतं.

शिवाय ही मंडळी स्वतःला प्राचीन सार्मातियन लोकांचे वंशज मानायची. काळ्या समुद्राकडचे घोडेस्वार. त्यामुळे पूर्वेकडचा पोशाख, लांब झुपान, वरून कोंतुश, कमरेला रेशमी पट्टा, डोकं चहूबाजूंनी भादरलेलं, हे सगळं त्यांना परकं वाटतच नव्हतं. उलट पॅरिसची फॅशन परकी. चर्चमध्ये शुभवर्तमान वाचताना ते तलवार म्यानातून अर्धी बाहेर काढून उभे राहत, धर्मासाठी लढायला तयार आहोत हे दाखवायला. हंगेरीहून आलेल्या वस्तूला त्यांनी हा जो अर्थ दिला, तो त्यांचा स्वतःचा. बटाटा आणि मिरची कुठून आली हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून बटाटेवडा परका होतो का?

सातारकर

बटाटेवड्यापुढे आमचं काही चालत नाही. मान्य.

कृष्णाकाठ

माझ्या मुलाने एका खेळात 'काराबेला' नावाची तलवार पाहिली. तीपण पोलिशच ना? ते नाव करबलावरून आलं म्हणतात, खरं का?

निशिगंधा_क

हो, काराबेला पोलिशच, आणि आज पोलिश माणसाच्या डोळ्यांपुढे 'शाब्ला' म्हटल्यावर बहुधा हीच येते. हिची मूठ उघडी असते. बोटांपुढे पट्टी नाही, कडी नाही. मुठीचा शेवट गरुडाच्या डोक्यासारखा वळलेला. तुर्की वळणाची. सणासुदीला, लग्नकार्याला सोन्या-चांदीची, रत्नं जडवलेली, आणि लढाईला साधी, काळ्या चामड्याच्या म्यानातली.

नावाबद्दल तीन कथा सांगतात. इराकमधलं करबला शहर, तुर्कस्तानातलं काराबेल नावाचं ठिकाण, आणि इटालियनमधलं 'प्रिय सुंदरी' अशा अर्थाचं 'कारा बेल्ला'. तिसरी मला नंतर जुळवलेली वाटते. करबला बऱ्याच जणांना पटतं, पण हातावर हात मारून सांगावं असं नाही.

ल्वूफ, म्हणजे आजच्या युक्रेनमधलं ल्विव्ह, तिथे आर्मेनियन कारागिरांची मोठी वस्ती होती. पूर्वेकडच्या घाटाच्या तलवारी घडवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

लोहारआळी

आता पात्यांबद्दल कुणीतरी बोललं पाहिजे. आमच्याकडे तीन पिढ्या जुनी हत्यारं दुरुस्त करण्याचं काम आहे, आता संग्राहकांसाठी. मी पोलिश पाती प्रत्यक्ष दोनच हाताळलीत, पण त्यांतल्या एकावर जे दिसलं त्याने झोप उडाली होती.

पात्यावर मुठीपासून तीन बोटांवर दोन कोयत्यासारख्या चंद्रकोरी, एकमेकींकडे तोंड करून, आणि दोन्हींना बारीक दाते. हीच खूण मी आपल्याकडच्या किती फिरंगांवर पाहिली असेल, मोजदाद नाही. मुळात ही इटलीतल्या जिनोव्हाच्या कारागिरांची खूण. ती एवढी नावाजली की ऑस्ट्रियातल्या स्टिरियाच्या लोहारांनी उचलली, जर्मनीतल्या झोलिंगेनमध्येही उमटू लागली, पुढे कॉकेशसमध्ये. खूण दिसली की 'उत्तम पातं' असं गिऱ्हाईक समजायचं, म्हणून सगळ्यांनीच मारली.

म्हणजे बघा, युरोपातल्या त्याच गावांची पाती एकीकडे क्राकुफ-ल्वूफला जाऊन तिथल्या मुठीत बसली, आणि दुसरीकडे गोव्याच्या, सुरतेच्या बंदरांत उतरून इथल्या मुठीत. आपण परदेशी पात्याला 'फिरंग' म्हणतो. आणि सतराव्या-अठराव्या शतकातल्या हंगेरियन-पोलिश पात्यांवर 'फ्रिंगिया' अशी अक्षरं कोरलेली सापडतात! काही अभ्यासक दोन्ही शब्दांचं मूळ एकच मानतात, 'फ्रँक' लोकांवरून आलेलं. सगळ्यांना ते मान्य नाही. पण मी जेव्हा पहिल्यांदा ती अक्षरं वाचली, तेव्हा हातातलं काम खाली ठेवलं होतं.

व्रोत्स्वाफकर, तुमच्या सरावाच्या तलवारीला टोकाकडे दोन्ही बाजूंनी धार दाखवली आहे का?

व्रोत्स्वाफकर

लोहारआळी, हो! टोकाकडचा सुमारे एक वीतभर भाग मागच्या बाजूनेही निमुळता करून ठेवलाय. शिक्षक त्याला 'पिऊरो' म्हणतात, म्हणजे पीस.

लोहारआळी

आपण त्याच भागाला पिपळा म्हणतो. काम तेच. पुढून वार चुकला तर परतताना उलट्या धारेने कापायचं, आणि भोसकायलाही टोक तिखट राहतं.

गदकाफरी

कोल्हापूरहून. लहानपणापासून तालमीत मर्दानी खेळ. वाचल्यावर राहवेना म्हणून लिहितोय, पोलंडचं मला काही ठाऊक नाही.

आपल्या तलवारीची मूठ आठवा. खाली वाटीसारखी गोल चकती. ती मनगटाला टेकते. त्यामुळे मनगट फार वाकवता येत नाही, आणि वाकवायचंही नसतं. आपला वार खांद्यातून आणि कमरेतून येतो, आणि पातं लागलं की ओढून घ्यायचं, कापत. पहिलं बोट परजेच्या पुढे टाकून धरणारेही आहेत. व्रोत्स्वाफकरांच्या तलवारीला चकती नाही, त्यामुळे मनगट मोकळं. मग त्या मोकळ्या मनगटाला आवरायला काहीतरी हवंच. मला वाटतं तुमची कडी त्यासाठी असावी. हा नुसता अंदाज.

सातारकर

गदकाफरी, तुमचं मुठीबद्दल पटतं. पण वक्र तलवारच घोडेस्वाराला योग्य, असं सगळीकडे लिहिलेलं असतं त्याला माझी हरकत आहे. मराठ्यांची धोप सरळ, लांब, आणि घोड्यावरून वापरायची.

निशिगंधा_क

हरकत योग्य आहे, आणि पोलंडात तिचा पुरावाही सापडतो. हुसारांचं मुख्य हत्यार शाब्ला नव्हतंच. मुख्य होता भाला, 'कोपिया'. आतून पोकळ केलेला, म्हणून एवढा लांब असूनही हलका. पहिल्या धडकेत तो मोडायचाच. मोडला की कोंत्सेश, ही सरळ, सडपातळ, चांगली सव्वा मीटरच्या पुढची भोसकायची तलवार. ती कमरेला नाही, खोगिराला अडकवलेली असायची. कडीच्या चिलखताच्या फटीत शिरायला. आणि गर्दी झाली, दोन हातांवर माणूस आला, की मग शाब्ला. म्हणजे एकाच घोड्यावर सरळ आणि वक्र दोन्ही, काम पाहून.

1605 ला किर्खोल्म, 1610 ला क्वुशिन, 1683 ला 12 सप्टेंबरला व्हिएन्नाच्या वेशीवर पोलंडचा राजा यान सोबिएस्कीचा हल्ला, या सगळ्या लढायांत हीच रीत. त्यांच्या पाठीवरचे पंख चित्रांत असतात तसे सगळ्यांना, प्रत्येक लढाईत, होते का यावर वाद आहे. तो इथे नको काढायला, धागा वाहून जाईल.

मेघना_डोंबिवली

धागा वाहू दे की! मला तर शांततेच्या काळाचं ऐकायचंय. एवढे सगळे सरदार कमरेला तलवार लावून हिंडत असतील तर रोज मारामाऱ्याच होत असतील.

निशिगंधा_क

होत होत्या, मेघना. प्रांतिक सभांमध्ये वाद चिघळला की शाब्ला बाहेर. कोर्टाचा निकाल लागला तरी अंमलबजावणी करायला सरकारकडे माणसं नसत, मग जिंकलेला पक्ष आपली माणसं गोळा करून दुसऱ्याच्या वाड्यावर चालून जाई. सामुएल वाश्च नावाच्या सरदारावर हद्दपारीच्या शिक्षा इतक्या झाल्या होत्या की त्या निकालपत्रांचं त्याने कोटाला अस्तर लावून घेतलं, अशी प्रसिद्ध कथा आहे. लष्करात कामाचा माणूस, म्हणून वरचे लोक त्याला पाठीशी घालायचे.

आणि एक बारकावा. नाजाक नावाचा चोचीचा हातोडा हे सरदार काठीसारखा हातात घेऊन हिंडायचे. त्याच्यावर सेयमने, म्हणजे त्यांच्या संसदेने, बंदी घातली. तलवारीवर मात्र नाही. अठराव्या शतकातला पाद्री येन्जेय कितोविच कारण लिहून गेलाय. शाब्लाने जखम झाली तर रक्त दिसतं, भांडणारा भानावर येतो. नाजाकने बरगड्या मोडतात, आतून माणूस मरतो आणि वरून थेंबही नाही.

मेघना_डोंबिवली

बाप रे. हे वाचून झोप येणार नाही आता.

आनंदयात्री_पुणे

माझा एक भाबडा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धात पोलिश घोडदळाने तलवारी उपसून जर्मन रणगाड्यांवर हल्ला केला, असं शाळेत ऐकलं होतं. शौर्य म्हणायचं की वेडेपणा, यावर आमच्या बाईंनी निबंधही लिहून घेतला होता.

निवृत्त_स्वार

आनंदयात्री, हे खरं नाही, आणि मी सबंध नोकरी चिलखती दळात काढल्यामुळे मला ही गोष्ट फार लागते. जरा सविस्तर लिहितो.

1 सप्टेंबर 1939, युद्धाचा पहिलाच दिवस, क्रोयांती नावाच्या खेड्याजवळची संध्याकाळ. 18व्या पोमेरेनियन उलान, म्हणजे घोडेस्वारांच्या, रेजिमेंटला मागे हटणाऱ्या आपल्या पायदळासाठी वेळ मिळवून द्यायचा होता. समोर रानातल्या मोकळ्या जागेत जर्मन पायदळाची तुकडी विसावलेली दिसली. कर्नल काझिमिएझ मास्तालेश यांनी हल्ल्याचा हुकूम दिला. घोडदळ पायदळावर गेलं, ते पांगलं. म्हणजे हल्ला नेमका जे करायला हवं तेच करत होता. तेवढ्यात झाडीतून चिलखती गाड्या पुढे आल्या आणि मशिनगनचा मारा सुरू झाला. मास्तालेश तिथेच पडले, बरेच स्वार गेले. पण जर्मनांची आगेकूच खोळंबली आणि पोलिश पायदळाला निघायला वेळ मिळाला.

दुसऱ्या दिवशी इटालियन वार्ताहरांना तिथे नेलं. तोवर रणगाडे येऊन पोचले होते. मेलेले घोडे, मेलेली माणसं, बाजूला रणगाडे. वार्ताहरांनी जोडायचं ते जोडलं, आणि जर्मन प्रचारखात्याने ती गोष्ट जगभर नेली. युद्धानंतरही ती पुसली गेली नाही.

त्याच दिवशी मोक्रा गावाजवळ व्होल्हिनियन घोडदळ ब्रिगेडने जर्मनांच्या 4थ्या पान्झर, म्हणजे रणगाड्यांच्या, डिव्हिजनला दिवसभर थोपवलं. तलवारींनी नाही. घोडे मागे ठेवून, 37 मिलिमीटरच्या बोफोर्स तोफांनी आणि रणगाडाभेदी रायफलींनी. पोलिश घोडदळ घोड्यावरून जायचं आणि उतरून लढायचं. तलवार होती, चांगलीच होती. क्येल्त्से शहरातल्या लुद्विकूव कारखान्यात 1934 च्या नमुन्याची जी शाब्ला बनली ती घोडदळासाठी बनलेल्या शेवटच्या उत्तम तलवारींपैकी एक. तरी रणगाड्यावर ती चालवायला कुणीही निघालं नव्हतं. ती माणसं अडाणी नव्हती.

पोलिश घोडदळाचा शेवटचा हल्ला 1 मार्च 1945 ला बोरुयस्को इथे झाला आणि यशस्वी झाला. त्याचं नाव कुणी घेत नाही.

आनंदयात्री_पुणे

काका, मनापासून आभार. तो निबंध आज पुन्हा लिहावासा वाटतोय.

पंचगंगा

निवृत्त_स्वार यांचं वाचून एक गोष्ट सांगायलाच हवी. माझं आजोळ कोल्हापूरलगतच्या वळिवड्याजवळ. 1943 पासून युद्धानंतरची काही वर्षं तिथे पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं. पोलंडच्या पूर्व सीमेवरची ही कुटुंबं. सोव्हिएत रशियाने 1940-41 मध्ये त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडे नेलं, तिथून सुटून इराणमार्गे ती इथे आली. यांतली कित्येक घरं सैनिकांची होती. 1920 च्या रशियाशी झालेल्या युद्धानंतर त्यांना सीमेवर जमिनी दिल्या होत्या. निवृत्त घोडेस्वारांच्या घरात खुंटीवर काय टांगलेलं असेल, ते सांगायला नको. रात्री दार ठोठावून निघायला सांगितलं, तेव्हा काय मागे राहिलं असेल तेही.

आजी सांगायची, त्यांची मुलं स्काउटच्या गणवेशात रांगेने गाणी म्हणत जायची. भाषा कळायची नाही, पण चाल आजीच्या कानात बसली होती. पोलंडचं राष्ट्रगीत मी पुढे पहिल्यांदा ऐकलं आणि अर्थ वाचला. परक्यांनी जे हिसकावलं ते आम्ही शाब्लाने परत घेऊ, असं पहिल्याच कडव्यात आहे. 1797 मध्ये इटलीत लिहिलेलं, देश नकाशावरून पुसला गेल्यावर दोनच वर्षांनी. छावणीतल्या त्या पोरांनी हे किती वेळा म्हटलं असेल! कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

गदकाफरी

पंचगंगा, महावीर उद्यानात रोज फिरायला जातो. तो स्तंभ पोलिश लोकांचा हे माहीत होतं, पण एवढं नव्हतं माहीत. उद्या थांबून वाचतो.

बखरवेडा

सुंदर चाललाय धागा. पण व्रोत्स्वाफकरांचा दुसरा प्रश्न राहिलाच. फुलीचे वार खरे की बसवलेले?

निशिगंधा_क

याचं सरळ उत्तर: दोन्ही थोडंथोडं.

सतराव्या शतकात इटालियन आणि जर्मन उस्तादांनी तलवारबाजीवर चित्रांसकट जाडजूड ग्रंथ लिहिले. तसा शाब्लाचा तपशीलवार पोलिश ग्रंथ त्या काळातला मिळत नाही. कारण पोलंडात ही विद्या शाळेत शिकायची नव्हतीच. पोरं काठ्यांनी शिकायची, त्या काठ्यांना 'पाल्त्सात' म्हणत. वर ज्यांचा उल्लेख केला त्या कितोविचनेच हा काठ्यांचा खेळ वर्णन केलाय. वाढत्या वयात काठीच्या जागी तलवार. मग मागे काय उरतं? आठवणी, खटल्यांची कागदपत्रं, जखमांची वर्णनं, आणि खुद्द तलवारी. पहिला मोठा पोलिश ग्रंथ मिहाव स्ताझेव्स्कीचा, तो एकोणिसाव्या शतकातला.

आजची पद्धत उभी राहिली त्यात वोयचेख झाब्वोत्स्की यांचा वाटा फार मोठा. जन्म 1930, निधन 2020. पेशाने वास्तुविशारद आणि फेन्सिंगमधल्या साबर प्रकारातले खेळाडू. संघाबरोबर 1956 आणि 1960 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य, 1964 मध्ये कांस्य. या माणसाने जुन्या तलवारी हातात घेऊन प्रयोग केले. कुठल्या मुठीने कुठला वार सहज जातो, कुठला अडतो, मनगटातून, कोपरातून, खांद्यातून, हे सगळं तपासून पुस्तक लिहिलं. तलवारीलाच विचारलं, असं म्हणा. म्हणून तुमच्या वर्गातला प्रत्येक पवित्रा जुना आहे असं कुणी सांगत असेल तर मान डोलवू नका. पण ती मूठ जे करू देते त्याच्या बाहेर तो जात नाही, एवढं खरं.

जाता जाता: झाब्वोत्स्कींच्या पिढीला घडवणारे प्रशिक्षक यानोश केवेय हंगेरियन होते. बातोरीनंतर पावणेचारशे वर्षांनी पुन्हा एक हंगेरियन, पुन्हा साबर शिकवायला!

सातारकर

काठ्यांनी शिकणारी पोरं, ग्रंथ नाही, हातातून हातात. गदकाफरी, हे तुमचंच की.

गदकाफरी

तेच म्हणणार होतो. वेताचा गदका, चामड्याची फरी म्हणजे छोटी ढाल. माझ्या वस्तादांनी कधी काही लिहून दिलं नाही.

लोहारआळी

कडीबद्दल एक नोंद. ती फक्त पोलंडची नाही. त्याच काळातल्या जर्मन, स्विस, वालून तलवारींनाही अंगठ्याची कडी दिसते. त्यामुळे 'पोलिश लोकांचा शोध' असं म्हणू नये. पण इतकी वक्र, इतकी हलकी तलवार आणि कडी, ही जोडणी हुसार शाब्लात फार उत्तम उतरली आहे.

व्रोत्स्वाफकर

सगळ्यांचे आभार. काल वर्गात प्रयोग केला, तो सांगतो.

शिक्षकांना विचारून दोन तलवारी घेतल्या. पातं, वजन सारखं. एक कडीची, एक उघड्या मुठीची, काराबेलासारखी. खांबाला बांधलेल्या रबरी टायरवर फुलीचे वीस वार, मग अदलाबदल.

उघड्या मुठीने वार चांगला बसतो, पण बसल्यावर पातं पुढे जात राहतं आणि मनगटात फिरतं. परत आणायला करंगळी आणि तळवा आवळावा लागतो. वीस वारांनंतर तळहाताला ओरखडे. कडीच्या तलवारीत अंगठा आत असल्यामुळे पातं कुठल्या दिशेला आहे ते न बघता कळतं. धार वाकडी होत नाही. आणि वार संपला की अंगठ्याने नुसतं मागे दाबलं तरी टोक वर येतं, दुसऱ्या वाराला तयार. म्हणजे फुलीतला पहिला वार दोन्हींनी सारखाच, दुसरा वार कडीने लवकर. गदकाफरी, तुमचा अंदाज बरोबर होता. मोकळ्या मनगटाला आवरायला.

अंगठ्याचं रक्षणही होतं, पण ते वरकड. एक तोटाही आढळला: तलवार कुणी झटका देऊन उडवली तर अंगठा अडकतो. माझा थोडा मुरगळला, काळजीचं काही नाही.

पुढच्या महिन्यात क्राकुफला जातोय. वावेल किल्ल्यातली शस्त्रं बघायची आहेत. लोहारआळी, दात्यांच्या चंद्रकोरी शोधतो. काचेतून दिसल्या तर चित्र काढून आणतो.

लोहारआळी

मुठीपासून तीन-चार बोटांवर बघा. उजेड तिरका पडेल असे उभे राहा, समोरून दिसत नाहीत. आणि अंगठ्याला हळद लावा.

गदकाफरी

व्रोत्स्वाफकर, तुमचं वाचून गदक्याला मुठीपाशी सुतळीची कडी बांधली. जाड, तीन पदरी. अंगठा घातला आणि फुलीचे वार केले. पहिल्या दहात जमेना, खांदाच पुढे येत होता, सवय तीस वर्षांची. मग खांदा शरीराशी धरून नुसतं मनगट आणि कोपर चालवलं. तेव्हा टोक स्वतःहून फिरायला लागलं. मजा वाटली.

वस्ताद बाजूला पाय पसरून बसले होते. "काय बांधलंयस रे?" म्हणाले. सांगितलं, पोलंडची तऱ्हा आहे. गदका मागून घेतला. अठ्ठ्याहत्तर वय. बसल्याबसल्याच अंगठा घातला, दोन वार केले, तिसऱ्याला टोक उलटं आणून माझ्या गुडघ्याला टेकवलं. पिपळ्याचा वार, लोहारआळी म्हणतात तसा. मला कळायच्या आत.

गदका परत दिला आणि म्हणाले, "सोडू नको ही सुतळी. उद्या पोरांच्या हातात देऊन बघू."